यंदाच्या गणपतीला छापील पुस्तक नको, डमी न्या

पत्र

आमचं मूळ गाव चिपळूणजवळ. आजोबा १९३६-३७च्या सुमारास मुंबईला आले, लालबागच्या चाळीत राहिले. ते आणि पुढे माझे वडीलही गिरणीत कामाला होते. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या काकांच्या घरातले सगळे अल्बम चिखलात गेले. वाचली ती फक्त चाळीतल्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. तिच्यात हजार-बाराशे फोटो, पत्रं आणि गिरणीचे कागद आहेत. मला यातून घराण्याचं एक फोटोंचं पुस्तक करून येत्या गणपतीला गावी सगळ्यांना द्यायचंय, कारण दिवाळीनंतर जुनं घर पाडणार आहेत. हातात सात महिने आहेत. जुने चेहरे ओळखणारी एकटी आत्या उरली आहे. ती ८६ वर्षांची आहे, वडिलांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. धाकटा भाऊ म्हणतो, पीडीएफ करून ग्रुपवर टाक, छापायचा खर्च कशाला? चुलत भाऊ म्हणतो, वंशावळ हवीच, पण ती घराण्याची, म्हणजे मुलग्यांचीच. ओळखीचा फोटोग्राफर करिझ्मा अल्बम, म्हणजे लग्नात करतात तसा जाड पानांचा अल्बम, करून देतो म्हणतो. आणखी एक. आजोबांच्या शेजारी एक बाई उभी आहे असा एक फोटो आहे, पण तिचा चेहरा कशानेतरी खरवडून काढलाय. कोणी म्हणतं, ती आजोबांची पहिली बायको. आत्यासमोर तो फोटो आला की ती विषय बदलते. तो पुस्तकात घालू का? आणि मुळात सुरुवात कुठून करू?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सुरुवात कुठून करू हे तुम्ही अगदी शेवटी विचारलंय, पण त्याचं उत्तर पत्राच्या मध्यावरच आहे: आत्या ८६ वर्षांच्या आहेत. कागद, बांधणी, छपाई ही कामं पुढच्या वर्षीही होतील. फोटोतल्या माणसांची नावं मात्र आत्ता मिळाली तरच मिळतील. म्हणून पहिला सल्ला देते, तो कदाचित रुचणार नाही. यंदाच्या गणपतीला छापील पुस्तक वाटायचा बेत सोडून द्या. यंदा गावी न्यायची ती पुस्तकाची डमी.

डमी म्हणजे सगळी पानं लागलेली, फोटो आणि मजकूर जागेवर बसवलेली, पण अजून छापायला न गेलेली एक-दोन प्रतींची कच्ची वही. झेरॉक्सच्या दुकानात चांगल्या रंगीत प्रिंटवर काढून स्पायरल मारून आणा. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी कोऱ्या सोडा. गौरी-गणपतीत घरी चाळीस-पन्नास माणसं येतील, तेव्हा ती ओटीवर ठेवा आणि शेजारी सुतळीने पेन्सिल बांधून ठेवा. दहा-बारा माणसं एका फोटोभोवती वाकली की एकाच्या आठवणीला दुसऱ्याची आठवण जोड देते. "हा तो नव्हे, ह्याच्या डोक्याला खोक पडलेली होती" असं कोणीतरी म्हणतं आणि ओळख पक्की होते. फोनवर विचारून हे होत नाही. आत्यांच्या हातातही या वर्षीच काहीतरी पडेल, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मग दिवाळीपर्यंत दुरुस्त्या करा, शिमग्याच्या आधी छापायला द्या आणि शिमग्याला गावी वाटा. पालखी नाचवायला चाकरमानी येतातच.

हे मी अनुभवाने सांगते. पुस्तकांची मांडणी करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि तरीही माझ्या माहेरच्या पुस्तकात चूक झाली. एका मुंजीच्या फोटोत दोन जावांची नावं उलटी छापली गेली. मी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून नावं विचारली होती, आणि बघणाऱ्याला त्या छोट्या पडद्यावर चेहरे मोहरीएवढे दिसले असणार. पुस्तक हातात आलं तेव्हा त्यांतली धाकटी जाऊ हयात होती, वय ७९. तिने फोटोवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "ही मी नाही गं." शंभर प्रतींत मी आणि माझ्या बहिणीने हाताने दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ती वेळ तुमच्यावर येऊ नये.

आता आत्यांजवळ कसं बसायचं ते. हजार फोटो एकदम नेऊ नका, एका बैठकीला दहा-बारा पुरेत. सकाळचा चहा झाल्यावर, खिडकीजवळ, अर्धा-पाऊण तास. फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा, पण आधी त्यांना सांगून. प्रत्येक फोटोला एक क्रमांक द्या आणि बोलताना तो मोठ्याने म्हणा, नाहीतर सहा महिन्यांनी रेकॉर्डिंग ऐकताना "ही इथली" म्हणजे कुठली ते कळणार नाही. गटाचा फोटो असेल तर त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या आकृत्या काढा आणि त्यांत आकडे घाला. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर टू-बीसारख्या मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनने कधीही नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

आणि "ही कोण?" एवढंच विचारून थांबू नका. माझ्या आईला मी तिच्याच लग्नानंतरच्या फोटोबद्दल विचारत होते. स्टुडिओतला फोटो, मागे रंगवलेला पडदा, शेजारी लाकडी स्टँडवर कागदी फुलं. कोण, कधी, कुठे, सगळ्याची एका शब्दात उत्तरं मिळाली. मग सहज विचारलं, "ही ठुशी पुढे कोणाला दिली?" आई म्हणाली, "दिली कोणाला? आमची नव्हतीच ती. शेजारणीची. फोटो काढून झाल्यावर पदराखाली धरून घाईने परत नेऊन दिली, तिला संध्याकाळी हळदीकुंकवाला जायचं होतं." तो परिच्छेद आज आमच्या पुस्तकात त्या फोटोसमोरच्या पानावर एकटा छापलाय. वस्तूंबद्दल विचारा. साडी, घड्याळ, खुर्ची, हातातला डबा. चेहऱ्यांपेक्षा वस्तूंना गोष्टी जास्त चिकटलेल्या असतात.

फोटो कधीचा हे ओळखायला फोटोच मदत करतो. मागची बाजू पाहा. स्टुडिओच्या शिक्क्यावर नुसतं "लालबाग, मुंबई १२" असेल तर तो फोटो बहुधा १९७२च्या आधीचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला आणि त्या १२ चे ४०० ०१२ झाले. छोटा चौकोनी काळा-पांढरा फोटो असेल तर घरात किंवा शेजारी अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारखा बारा फोटोंच्या रोलचा कॅमेरा होता असं समजायला हरकत नाही. ते कॅमेरे साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे पुष्कळ घरांत होते. रंगीत फोटो लालसर पडला असेल तर ते रंग उडाल्यामुळे, तो मुळात तसा नव्हता. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असेल तर तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका, पुष्कळांनी कॅमेऱ्यातली तारीख कधी लावलेलीच नसे.

ट्रंकेतले गिरणीचे कागद फोटोंइतकेच मोलाचे आहेत. गिरणीचं ओळखपत्र, फंडाचा हिशोब, पगाराची चिठ्ठी, रेशनकार्ड, मनीऑर्डरच्या पावत्या. पुष्कळ गिरणी कामगारांच्या घरी म्हाडाच्या घरांच्या सोडतीसाठी हे कागद एका फायलीत लावून ठेवलेले असतात, तुमच्याकडेही ती फाईल असेल तर अर्धं काम झालंय. मनीऑर्डरच्या कूपनवर दोन-तीन ओळी मजकूर लिहायची सोय असे. गावाकडे कोणी जपून ठेवली असतील तर पाहा, "भात लावणीस ४० रुपये, बाकी शिमग्यास येतो" एवढ्या ओळीत अख्खं चाकरमानी आयुष्य येतं. असे कागद पुस्तकात मूळ आकारात छापा, लहान करू नका. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा तुमचे वडील तिशीत असतील. त्या संपाबद्दल पुस्तकं पुष्कळ आहेत. तुमच्या पुस्तकात हवं ते हे की त्या वर्षी तुमच्या घरात काय शिजलं, कोण गावी परतलं, कोणाची शाळा सुटली. मात्र इंटरनेटवरून मोर्च्यांचे फोटो उचलून घालू नका. ते कोणाचे तरी आहेत. तुमच्या आजोबांनी पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर अशा फोटोचा पहिला हक्क तो काढून घेणाऱ्याचा असतो, तेव्हा ते निर्धास्त वापरा.

गावाकडचं शोधायचं तर सातबारा आणि जुने फेरफार आहेतच. त्याशिवाय कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तहसील कार्यालयात विचारून पाहा. जुन्या नोंदी मोडीत असतील. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे जाणकार भेटतात. आणि घरातलं कोणी कधी त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला विधीसाठी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावावरून आणि आडनावावरून तुमच्या घरची नावं सापडण्याची शक्यता आहे. आलेल्या माणसाने आपल्या हाताने लिहिलेली नोंद मिळाली तर तिचा फोटो काढायची परवानगी मागा. आजोबांचं अक्षर तिथे पाहायला मिळालं तर वंशावळीपेक्षा मोठा ठेवा.

वंशावळीवरून चुलत भावाशी भांडू नका, पण त्यांचं ऐकूही नका. जुन्या कुलवृत्तांतांत मुलग्यांची ओळ पुढे नेत आणि मुली "कन्या २" एवढ्यावर थांबत. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनावच नव्हे, नावही बदलायचे. माहेरी एक, सासरी दुसरं. ट्रंकेतल्या पत्रात एका नावाने हाक मारलेली बाई आणि रेशनकार्डावर दुसऱ्या नावाने असलेली बाई एकच आहे, हे आज आत्यांना माहीत आहे. उद्या कोणालाच नसेल. म्हणून प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, आडनाव, गाव, आणि प्रत्येक मुलीचं सासर व तिची मुलं, हे वंशावळीत आलंच पाहिजे. चुलत भावाला एवढंच सांगा की त्याच्या नातीला उद्या स्वतःचं नाव त्यात शोधायचंय.

आता स्कॅनिंग. फोनने काढलेले फोटो डमीला चालतील, पुस्तकाला नाही. सपाट काचेचा साधा स्कॅनर घ्या किंवा कोणाचा उसना आणा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात तेवढे ठिपके), पासपोर्ट आकाराला १२००. छपाईला ३०० लागतात, म्हणजे ६०० ने स्कॅन केलेला फोटो दुप्पट मोठा छापता येतो आणि १२०० चा पासपोर्ट फोटो चौपट. काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन करा, जुन्या ब्रोमाइडची तपकिरी झाक त्यातच येते. टिफ या प्रकारच्या फायलीत साठवा. मागच्या बाजूवर काही असेल तर तीही. काचेच्या चौकटीला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, त्याचा वरचा थर काचेवर राहतो. चौकटीसकट, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या आडव्या उजेडात चांगल्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढा. काकांकडे पुरात भिजून एकमेकांना चिकटलेले गठ्ठे अजून असतील तर तेही ओढून सोडवू नका. टाकूनही देऊ नका. कोरड्या जागी वेगळे ठेवा आणि फोटो-संवर्धनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. स्कॅन झालेलं सगळं दोन हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. चिपळूणकरांना याचं कारण सांगायला नको. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तकं त्याच पुरात भिजली.

फोटो "दुरुस्त" करून देणाऱ्या, रंग भरणाऱ्या, धूसर चेहरा स्पष्ट करणाऱ्या एआय अ‍ॅपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी भाचा सुचवेलच. धूळ, ओरखडा, सुरकुती काढायला हरकत नाही. चेहरा मात्र बनवू देऊ नका. ते यंत्र आजीचे डोळे शोधून काढत नाही, दुसऱ्या कोणाचे तरी बसवतं. बघणाऱ्याला ते छान वाटतं आणि आजीचा खरा, अंधुक चेहरा कायमचा मागे पडतो.

निवड करताना हात आखडता घ्या. बाराशेतून दीडशे-पावणेदोनशे फोटो पुरेत. एकाच लग्नाचे चौदा फोटो असतील तर एक घ्या, ज्यात कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये असा. उरलेले हार्ड डिस्कवर आहेतच. करिझ्मा अल्बमला नम्रपणे नाही म्हणा. त्याची जाड पानं लग्नाला शोभतात, पण पानं थोडी, वजन भारी, दर प्रतीचा खर्च मोठा आणि मजकुराला जागाच नाही. शिवाय मागे फुलं आणि ढग टाकायची त्यांची सवय जात नाही. जुन्या फोटोला मागे पांढरी जागा हवी. कडा कापू नका, वेड्यावाकड्या किंवा दातेरी कडा असल्या तरी तशाच दिसू द्या.

माझ्या मते तुमचं पुस्तक साधारण १६० पानांचं, उभं, क्राउन आकाराचं असावं. प्रेसमध्ये हिशोब १६ पानांच्या फॉर्मात चालतो, म्हणजे हे दहा फॉर्म झाले. पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवलीत तर कागद वाया जात नाही. साठ-सत्तर प्रती लागणार असतील तर डिजिटल छपाईच परवडेल, ऑफसेट पाचशेच्या पुढे फायद्याचं. कागद चकचकीत आर्ट पेपर नको. वयस्क माणसं ट्यूबलाइटखाली वाचतात आणि त्यावर उजेड चमकतो. १३० जीएसएम वजनाचा मॅट, म्हणजे न चमकणारा, आर्ट घ्या. बांधणीला पैसे वाचवू नका. फॉर्म शिवून पुठ्ठ्याची बांधणी करा. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुस्तक कोकणच्या दोन-तीन पावसाळ्यांत पानं सोडू लागतं. आणि एक गोष्ट मांडणाऱ्याला बजावून सांगा: दोन पानांवर पसरलेल्या फोटोत चेहरा मधल्या घडीत जाता कामा नये. मी असं एक पुस्तक पाहिलंय ज्यात पणजोबा बरोबर नाकावर दुमडले गेले होते. घरच्यांनी ते पान पुन्हा उघडलं नाही.

अक्षर १४ पॉइंट ठेवा, ओळींत अंतर मोकळं. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, ओळी दाटल्या की ते एकमेकांत अडकतात. फॉन्ट युनिकोडच घ्या, आणि ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते पाहा. पुष्कळ फॉन्टांत ते हिंदी वळणाचे असतात. टिरो देवनागरी मराठी मोफत मिळतो आणि पुस्तकी मजकुराला छान दिसतो. प्रेसने मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला तर छापायच्या आधी प्रत्येक रफार आणि "ऱ्या", "ऱ्हा" तपासा, तिथेच मोडतोड होते. नावांचं मुद्रितशोधन वेगळं करा. एकाने मजकूर न वाचता फक्त नावं आणि सालं वाचायची. आईचा जन्म आणि मुलाचा जन्म यांत नऊ वर्षांचं अंतर छापलेलं मी स्वतः पकडलंय.

फोटोखालच्या ओळीत "आजी-आजोबा" लिहू नका. कोणाची आजी? वीस वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्या पोराची ती खापरपणजी असेल. पूर्ण नाव, माहेरचं नाव, डावीकडून क्रम, जागा, अंदाजे साल. ओळख पटली नाही तर तसं स्पष्ट लिहा आणि पुढे कोरी रेघ ठेवा. हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा, आधार, पत्ते छापू नका. जमिनीच्या वाटण्यांचे वाद चालू असतील तर ते कागदही राहू द्या.

खर्चाचं आधी ठरवा. किती प्रती, कोणाच्या किती, हे लेखी मागा आणि वर्गणी छपाईला देण्याआधी गोळा करा. मागून मागायला आपल्याला जड जातं. धाकट्या भावाचंही चूक नाही. पीडीएफ कराच, परदेशातल्या पोरांना तीच लागेल, हवं तर शेवटी नावांची एक यादी रोमन लिपीत जोडा. पण फोन तीन वर्षांत बदलतो, ग्रुप बंद होतो. तुमची ट्रंक ऐंशी वर्षं माळ्यावर टिकली. आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाची, गरज नाही, "खासगी वितरणासाठी" असं छापलं की झालं. पुढेमागे विकायचं ठरलं तर तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून लेखकाला स्वतः अर्ज करून मोफत मिळतो. दोन प्रती मात्र घराबाहेर ठेवा, एक गावच्या शाळेत, एक वाचन मंदिरात.

घर पाडायच्या आधी, याच गणपतीत, त्याचे फोटो काढून ठेवा. समोरून सगळेच काढतील. तुम्ही उंबऱ्यावरची झीज काढा, माजघरातून ओटीकडे दिसणारा उजेड, देवघराच्या वरचं काजळलेलं आढं, विहिरीच्या कठड्यावर दोराने पडलेल्या खाचा, मागच्या पडवीतली जात्याची जागा. शक्य तिथे प्रत्येक जागी त्या जागेचं माणूस उभं करून काढा. आत्यांना चूल होती तिथे बसवता आलं तर बसवा.

आता तो खरवडलेला फोटो.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी शेजारी ठेवून पाहिली. आत्या तुमच्या वडिलांपेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या आहेत. आणि ती बाई आजोबांची पहिली बायको असावी असं लोक म्हणतात. मी काही ठरवून सांगत नाही. पण आत्या विषय बदलतात त्याचं कारण अप्रीती नसून उलटही असू शकतं. तो चेहरा त्यांच्या आईचा असू शकतो. कोणी खरवडला, का खरवडला, हे त्यांना माहीत असेल, आणि ज्याने ते केलं त्याच्यावरही त्यांचा जीव असेल.

म्हणून हा फोटो डमीत घालू नका. ओटीवर पन्नास माणसांत तो फिरायला नको. आधी तुमच्या पातळीवर जे करता येईल ते करा. दिवे बंद करून फोटो टेबलावर पालथा ठेवा आणि टॉर्च अगदी आडवी, कागदाच्या पातळीला धरा. पेन्सिलीने लिहिलेलं पुसलं गेलं असलं तरी दाबाची खूण अशा उजेडात पुष्कळदा वर येते. कोतवाल बुकात आजोबांच्या घरची १९३९ ते १९५०ची पानं पाहा, जन्माच्या आणि मृत्यूच्याही. नाव सापडलं तर ते कोणाला सांगू नका, आत्यांच्या आधी तर नाहीच.

मग एका दुपारी, घरात दुसरं कोणी नसताना, बाकी सगळ्या बैठका झाल्यावर, तो फोटो घेऊन त्यांच्याकडे जा. प्रश्न विचारू नका. तो त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "हिचंही नाव पुस्तकात यावं असं मला वाटतं, तू म्हणशील तसं करू." त्या हो म्हणाल्या तर फोटो पूर्ण पानावर, जसा आहे तसा, खरवड न झाकता छापा आणि खाली तिचं नाव, माहेरचं आणि सासरचं. नको म्हणाल्या तर फोटो ट्रंकेत परत ठेवा, वंशावळीत तेवढं नाव घालू का असं विचारा, आणि त्यालाही नको म्हणाल्या तर थांबा. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढता येते.

आणि त्या दुपारी फोन रेकॉर्डिंगला लावू नका.